उभ्या झाडाचे माप

उर्दूत वर्तुळाच्या परिघाला ‘मुहीत’ म्हणतात आणि व्यासाला ‘कुत्र’. हा दुसरा शब्द कोकणातल्या उर्दू शाळेत शिकवणे म्हणजे शिक्षिकेच्या सहनशक्तीची परीक्षाच. आमच्या मुलांच्या घरी कोकणी मराठी बोलली जाते. ‘‘झाडाचा मुहीत मोजा, त्याला ३.१४ ने भागा, म्हणजे झाडाचा कुत्र मिळेल,’’ असे मी म्हटले की मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी भुंकते. मी आता रागावत नाही. भुंकून झाले की पुढे जाते.

झाडे मोजण्याचे हे खूळ माझ्या डोक्यात शिरले ते आठवीतल्या एका मुलीमुळे. ‘झियाई तालीफ’, म्हणजे मराठीतले प्रकाशसंश्लेषण, शिकवत होते. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, ऑक्सिजन सोडते आणि कार्बन आपल्या लाकडात साठवते, असे सांगून झाले. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘टीचर, किती साठवतं? झाड तर काट्यावर ठेवता येत नाही.’’ पुस्तकात याचे उत्तर नव्हते. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, की मुलाला उत्तर देऊ नका, उत्तराकडे जाणारी वाट दाखवा. ती वाट मी शोधू लागले. शोधता शोधता नेपाळ, गयाना, ब्राझील अशा देशांची चक्कर झाली आणि शेवटी वाट आली ती आमच्याच घरच्या सातबाऱ्यावर.

तसे पाहिले तर लाकूड मोजणे आमच्या घरात नवे नाही. अब्बा आयुष्यभर लाकडाच्या वखारीत माप घेण्याचे काम करीत. ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळायची, घेऱ्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले १४४. घेरा इंचात, लांबी फुटात, उत्तर घनफुटात. हे माप इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले आहे. भूमितीच्या हिशेबाने पाहिले तर यात ओंडक्याचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग मापाबाहेर राहतो. तो करवतीत आणि सालीत वाया जाणार, असे आधीच धरलेले असते. रान विकणाऱ्या शेतकऱ्याला हे कधी कोणी सांगत नाही. अब्बा मात्र सांगत. विचारले तर सांगत, एवढे खरे. वखारीची नोकरी होती ना!

झाड उभे असेपर्यंत त्याची नोंद कुठल्याच वहीत नसे. ते आडवे झाले, की वही उघडायची. म्हणूनच उभ्या झाडातला कार्बन मोजायची रीत मी वाचली तेव्हा मला नवल वाटले. सुरुवात अगदी अब्बांसारखी! टेप घ्या आणि छातीच्या उंचीवर बुंध्याला गुंडाळा. आपल्या देशात जमिनीपासून १.३७ मीटर उंची धरतात, काही देशांत १.३० धरतात. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभे राहून मोजायचे. परिघावरून व्यास काढायचा. मग झाडाची उंची. मग त्या जातीच्या लाकडाची घनता. पाण्याची १ धरली तर आंब्याची ०.५५ च्या आसपास येते, ऐन-किंजळ त्याहून जड. ही तीन मापे एका सूत्रात घातली की झाडाचे सुके वजन निघते. सुक्या वजनातला ४७ टक्के भाग कार्बन धरायचा, असे आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरवून दिले आहे. त्या कार्बनला ४४ ने गुणून १२ ने भागले, की झाडाने हवेतून किती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला ते कळते.

सूत्र कुठून आले, हा प्रश्न वर्गात आलाच. याचे उत्तर मुलांना फार आवडले नाही. जेरोम शाव या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर २०१४ साली मांडलेले सूत्र आज उष्ण प्रदेशात सर्वत्र वापरतात. ते उष्ण कटिबंधातल्या ५८ ठिकाणच्या ४,००४ झाडांवरून बसवले आहे. आणि ही झाडे तोडून, त्यांचे तुकडे करून, खरोखर तोललेली होती. तेव्हा कुठे बाकीची झाडे न तोडता त्यांचे वजन सांगता येऊ लागले.

शाळेच्या आवारातल्या आंब्यापासून आम्ही सुरुवात केली. मुलींनी घरून शिवणकामाच्या टेपा आणल्या. टेप १५० सेंटिमीटरची आणि आंबा १५७ चा, म्हणून दोन टेपा टाचणीने जोडल्या. उंची काठीच्या सावलीवरून काढली, ती १५ मीटर भरली. व्यास ५० सेंटिमीटर. सूत्रातून सुके वजन आले १,०९४ किलो. त्यात कार्बन ५१४ किलो आणि कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात १,८८५ किलो. मुळे यात धरलेली नाहीत. भुंकणारा तो मुलगा बराच वेळ बुंध्यावर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे टीचर, ही सगळी हवाच आहे? घट्ट झालेली?’’ तेवीस-चोवीस वर्षांच्या माझ्या शिकण्या-शिकवण्यात प्रकाशसंश्लेषणाचे इतके सरळ वर्णन मी ऐकले नव्हते.

नंतर मुले कब्रस्तानातली झाडे मोजायला गेली. मुली बाहेर भिंतीवर वह्या घेऊन बसल्या आणि आतून ओरडून सांगितलेले आकडे टिपत गेल्या. आमच्या गावात सगळ्यांत जाड झाडे दोनच ठिकाणी आहेत. एक कब्रस्तानात, दुसरी पलीकडच्या वाडीच्या देवरहाटीत. दोन्हीकडे कुऱ्हाड चालत नाही.

आता हा हिशेब कोणाला हवा आणि कशासाठी? १९९७ च्या क्योटो करारात नवी झाडे लावण्याला थोडीफार जागा होती. पण गरीब देशाने असलेले जंगल तोडले नाही, तर त्याच्या हातात काही पडत नव्हते. २००५ साली मॉन्ट्रियलच्या परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या दोन देशांनी हा प्रश्न उभा केला. तुमच्या कारखान्यांनी हवा बिघडवली, आमची जंगले ती सुधारत आहेत. ती राखायला आम्हाला खर्च येतो, तो द्या. २००७ मध्ये बालीला ही गोष्ट वाटाघाटीत घेतली गेली. २०१३ मध्ये वॉर्सात तिचे नियम ठरले, २०१५ च्या पॅरिस करारात तिला कायमची जागा मिळाली. जंगलतोड आणि जंगलाची नासाडी यांतून होणारे उत्सर्जन कमी करण्याची ही योजना. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘रेड’ म्हणतात, पुढे तिला ‘प्लस’ जोडले गेले. पैसे देणाऱ्यांची अट एकच : मोजून दाखवा.

ही अट दिसते तेवढी साधी नाही. कारण इथे जे घडले नाही त्याचे पैसे द्यायचे आहेत. न तुटलेली झाडे मोजायची कशी? त्यासाठी आधी सांगावे लागते, की आम्ही काहीच केले नसते तर इतकी झाडे तुटली असती. मला हे समजायला फार वेळ लागला नाही, कारण शाळेत आम्ही तेच करतो. दरवर्षी दहा मुली आठवीनंतर शाळा सोडत होत्या, यंदा सहाच सोडल्या, तेव्हा चार मुली वाचल्या, असे अहवालात लिहिले जाते. पण आधीचा आकडा कोणी दहाऐवजी चौदा लिहिला, तर वाचलेल्या मुली एका रात्रीत आठ होतात! मुली तेवढ्याच असतात. कार्बनच्या बाजारातही हेच घडले. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’, जर्मनीचे ‘डी त्साइट’ आणि ‘सोर्समटेरियल’ या पत्रकारांच्या गटाने मिळून एक तपास छापला. ‘व्हेरा’ या मोठ्या प्रमाणन संस्थेच्या वर्षावनांच्या कार्बन-हुंड्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हुंड्यांमागे बहुधा खरी बचतच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. संस्थेने तो मान्य केला नाही. वाद अजून मिटलेला नाही, पण त्या हुंड्यांची पत घसरली ती घसरलीच.

आणखी एक अडचण गरीब देशांची आहे. ज्या देशाकडे स्वतःची मापे नाहीत, त्याने आयपीसीसीच्या तक्त्यातले सरासरी आकडे वापरायचे. ही पहिली पायरी. आपल्या जंगलात जाऊन स्वतः मोजले तर दुसरी, वर्षानुवर्षे बारकाईने मोजत राहिले तर तिसरी. पहिल्या पायरीवरच्या देशाला आपल्या काट्यावर तोलता येत नाही, दुसऱ्याने सांगितलेले वजन कबूल करावे लागते. म्हणून माणसे तयार करणे, उपग्रहाची चित्रे वाचायला शिकवणे, जातीजातीच्या लाकडांची घनता काढणे, ही वरवर रटाळ वाटणारी कामे मला आता फार मोलाची वाटतात. शाळामास्तरणीला तशी वाटणारच, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटली ती नेपाळची गोष्ट. तिथे १९९३ च्या वन कायद्याने जंगले गावांच्या ताब्यात आली. आज असे बावीस हजारांहून अधिक सामुदायिक वन गट आहेत. त्यांतल्या १०५ गटांना घेऊन २००९ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. काठमांडूचे ‘इसिमोड’ हे पर्वतीय विकास केंद्र, तिथली ‘अन्साब’ ही संस्था आणि वन गटांचा महासंघ असे तिघे त्यात होते, पैसा नॉर्वेचा होता. दोलखा, गोरखा आणि चितवन हे तीन जिल्हे, दहा हजार हेक्टरांहून जास्त जंगल. मोजायचे कोणी? गावकऱ्यांनीच. त्यांना शिकवले गेले आणि टेप त्यांच्या हातात दिली गेली.

रीत अशी : जंगलात एक खुंटी ठोकायची, तिला ८.९२ मीटरची दोरी बांधायची आणि गोल फिरायचे. त्या गोलातले प्रत्येक झाड मोजायचे. ८.९२ च का, हे मी वर्गाला घरचा अभ्यास म्हणून दिले. तीन मुलींनी बरोबर आणले : ८.९२ चा वर्ग गुणिले ३.१४, म्हणजे २५० चौरस मीटर. असे चाळीस गोल जोडले की एक हेक्टर. पुढच्या वर्षी त्याच खुंटीवर जाऊन पुन्हा मोजायचे आणि झाडे किती वाढली ते बघायचे. आडाण्यांना काय कळते, अशी शंका घेणारे तिकडेही होतेच. पण त्याआधी नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या पुढाकाराने नेपाळ, टांझानिया, आपल्या उत्तराखंडातल्या वन पंचायती अशा अनेक ठिकाणी हेच करून पाहिलेले होते. गावकऱ्यांची मापे तज्ज्ञांच्या मापांना जुळली आणि खर्च पुष्कळ कमी आला, असे त्यातून दिसले होते.

पण मला त्याहून आवडली ती वाटणी. २०११ मध्ये या गटांना पहिल्यांदा पैसे मिळाले, एकूण ९५ हजार डॉलर. ते वाटताना कार्बनला फक्त चाळीस टक्के वजन दिले. २४ टक्के जंगलात असलेल्या कार्बनला, १६ टक्के वर्षात वाढलेल्या कार्बनला. उरलेले साठ टक्के माणसांवरून ठरले. गावात गरीब घरे किती, त्याला २० टक्के. दलित घरे किती, त्याला १५. स्त्रिया किती, त्याला १५. आदिवासी-जनजातींची घरे किती, त्याला १०. म्हणजे ज्या गावाचे जंगल साधेच पण गरिबी मोठी, त्या गावालाही चार पैसे जास्त मिळावेत. सरपणासाठी रोज जंगलात कोण जाते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच अशी वाटणी सुचेल. शेवटी सरासरीने एका गटाला नऊशे डॉलर आले, फार नव्हेत. शिवाय हा पैसा मदतीचा होता, बाजाराचा नव्हता. बाजार टनाचे पैसे देतो, टनाशेजारी राहणाऱ्या विधवेचे देत नाही. पुढे २०२१ मध्ये नेपाळने जागतिक बँकेशी करार केला. तराईच्या १३ जिल्ह्यांत ९० लाख टन उत्सर्जन कमी करायचे आणि त्याचे साडेचार कोटी डॉलरपर्यंत घ्यायचे. टनाला पाच डॉलर. आमच्या शाळेतल्या आंब्याला या भावाने आठशे-सव्वाआठशे रुपये पडतात. तेही एकदाच.

गयानाची गोष्ट वेगळी आहे. दक्षिण अमेरिकेतला हा लहानसा देश, पंच्याऐंशी टक्के जमिनीवर जंगल. तिथले राष्ट्राध्यक्ष २०२० पासून मुहम्मद इरफान अली आहेत. ऊसमळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांमुळे तिथे भारतीय वंशाची मोठी वस्ती झाली, अली त्याच समाजातले. हे नाव सांगितल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप थांबले होते. गयानाने २००९ मध्ये नॉर्वेशी २५ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला आणि त्यासाठी देशभर जंगल मोजण्याची पक्की व्यवस्था उभी केली. २०२२ च्या डिसेंबरात त्याच मोजणीच्या जोरावर त्याने आपल्या जंगलाच्या कार्बन-हुंड्या विकल्या. २०३२ पर्यंतच्या या सौद्याची किंमत किमान ७५ कोटी डॉलर. १५ टक्के रक्कम आदिवासी गावांना द्यायचे ठरले, पण आम्हाला नीट विचारले नाही, अशी तक्रार तिथल्या आदिवासींच्या संघटनेने केली. आणि खरेदीदार कोण? हेस ही तेल कंपनी. गयानाच्याच समुद्रातून २०१९ पासून तेल काढणाऱ्या कंपन्यांतली एक. पुढे २०२५ मध्ये तिला शेव्हरॉनने घेतले. म्हणजे एका हाताने समुद्रातला कार्बन वर काढायचा आणि दुसऱ्या हाताने जंगलातल्या कार्बनची पावती खिशात घालायची. गयानाला मी दोष देत नाही. गरिबाच्या घरी जो खरेदीदार येतो त्यालाच विकावे लागते.

ब्राझीलचे उदाहरण मात्र मी मुलांना आवर्जून सांगते. त्यांची अवकाश संस्था १९८८ पासून दरवर्षी अमेझॉनची तोड उपग्रहावरून मोजते आणि आकडा जाहीर करते. २००४ मध्ये तो २७ हजार चौरस किलोमीटरांच्या पुढे होता, २०१२ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास आला. रोज सगळ्यांना दिसणाऱ्या मापाचा यात मोठा वाटा होता, कारण कुठे तोडतात ते कळले की पोलीस पाठवता येतात. मग २०१९ मध्ये आकडे पुन्हा चढू लागले. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो म्हणाले, हे खोटे आहेत. संस्थेचे प्रमुख रिकार्डो गाल्व्हाओ यांनी उघडपणे सांगितले, आकडे बरोबर आहेत. ऑगस्टमध्ये त्यांना पदावरून काढले. मुलांना मी विचारते, टेप धरणाऱ्याला का काढले असेल? झाड कोणी तोडले ते राहू द्या, मोजले कोणी यावरच राग का?

आपला देश या बाबतीत पहिल्या पायरीवर नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून दर दोन वर्षांनी, कधी थोड्या उशिरा, देशाच्या जंगलाचा अहवाल काढते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या अहवालाप्रमाणे देशाच्या जंगलात ७२८ कोटी टनांहून जास्त कार्बन आहे. त्यातला निम्म्याहून अधिक झाडांत नाही, मातीत आहे. हे बहुतेकांना ठाऊक नसते. झाड गेले आणि माती उघडी पडली की तोही हळूहळू जातो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा इस्रो आणि नासाचा उपग्रह सुटला. त्याचे रडार ढगांतून आणि पानांतून आत शिरून लाकडाचा अंदाज घेते. युरोपचा ‘बायोमास’ उपग्रह त्याआधी एप्रिलमध्ये गेला होता. तरीही रडारला खरे-खोटे सांगायला जमिनीवर टेप घेऊन कोणीतरी जावेच लागते.

पण या अहवालात जंगल कशाला म्हटले आहे, ते बघा. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा आणि दहा टक्के किंवा त्याहून जास्त सावली. मालक कोणीही असो, झाड कोणतेही असो. म्हणजे ऐन-किंजळ, बेहडा, जांभूळ, वेली, खेकडे, गव्याची वाट असलेले जुने रान तोडले आणि तिथे काजू लावला, तर काही वर्षांनी उपग्रहाला ते पुन्हा जंगलच दिसते. कोकणात हे डोळ्यांदेखत चालले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडे, बहुतेक झाडी खासगी मालकीची. तिचे काय होणार हे देहरादूनला ठरत नाही, पॅरिसलाही नाही. ते घराच्या ओटीवर ठरते. पोराची इंजिनिअरिंगची फी, पोरीचे लग्न, आखातातून परत आलेल्या भावाचे दुकान, कुणाचे ऑपरेशन. रानच विकले जाते, कारण ते विकले तरी जमीन राहते, असे सगळे म्हणतात.

आमचेही असेच एक रान आहे. दोन एकर बारा गुंठे, संगमेश्वरच्या बाजूला. अब्बा २०१६ मध्ये गेले. सातबाऱ्यावर अम्मी, दोन भाऊ आणि आम्ही दोन बहिणी आहोत. आयुष्यभर दुसऱ्यांची रानं मापणाऱ्या माणसाने आपले रान कधी मापले नाही. त्यात कोणाला टेप घेऊन शिरू दिले नाही, असेच म्हणायला हवे. कारण आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. आता व्यापाऱ्याने उभ्या रानाचे दोन लाख सत्तर हजार देऊ केले आहेत. मोठ्या भाईजानला पैशांची गरज आहे. खोटी नाही, खरी गरज आहे. त्याने संमतीचा कागद तयार केला. आमच्याकडे असा कागद आला की बहिणींनी मुकाट्याने सही करायची, असा रिवाज आहे. शरीयतने दिलेला हिस्सा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, पण प्रत्यक्षात मागणारी बहीण लोभी ठरते. मी पैसे मागत नव्हते. मी म्हणाले, सहीच्या आधी मला रान मोजायचे आहे.

भाईजान हसला. ‘‘अब्बांची वखार पुन्हा सुरू करतेस काय गो?’’

मे महिन्यात आम्ही दोघी बहिणी आणि आपाचा मुलगा तिथे तीन दिवस जात होतो. दोरी ८.९२ मीटरची. चार गोल घेतले, म्हणजे हजार चौरस मीटर. चार गोलांतल्या झाडांचे सुके वजन अकरा टन भरले. त्यावरून सगळ्या रानाचे १०२ टन, त्यात कार्बन ४८ टन, कार्बन डायऑक्साइड सुमारे १७६ टन. टनाला पाच डॉलर धरले तर पाऊण लाख रुपयांच्या आसपास. व्यापारी देतो त्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. आणि हे पाऊण लाखसुद्धा कोणी देणार नाही. दोन एकरांच्या रानाचा करार कोणी करीत नाही, मोजणी-तपासणीचा खर्चच त्याहून जास्त येतो. नेपाळात हे जमले ते शंभर गावे एकत्र आली म्हणून. आमच्या वाडीत चार भाऊबंद बांधावरून एकत्र येत नाहीत!

मी हे सगळे आकडे भाईजानपुढे ठेवले. त्याने शांतपणे वाचले. तो बेइमान माणूस नाही. म्हणाला, ‘‘तुझ्याच हिशेबाने माझं बरोबर ठरतंय ना?’’ आकड्यांपुरते तसे ठरत होते. रानाखालची विहीर एप्रिलपर्यंत टिकते, ती या हिशेबात कुठेच नव्हती. आपा म्हणाली, मग आमच्या हिश्श्याची झाडे ठेवा आणि तुमची तोडा. अम्मीने विचारले, कुठला बेहडा कोणाचा ते ठरवणार कसे? अम्मीचा स्वतःचा आठवा हिस्सा आहे, पण त्याबद्दल ती अजून एक शब्द बोललेली नाही.

कागद सध्या तिच्या कपाटात आहे. व्यापाऱ्याने बकरी ईदपर्यंत थांबायचे कबूल केले आहे, पण त्याचा माणूस मागच्या रविवारी येऊन झाडांवर चुन्याच्या खुणा करून गेला. आपाचा मुलगा दुसऱ्या दिवशी बघून आला. बहुतेक सगळ्या झाडांवर खुणा आहेत, पऱ्ह्याकडेच्या बेहड्यावर नाही. आतून पोकळ आहे, त्याला काही भाव नाही, असे तो माणूस म्हणाला. सूत्रात पोकळ झाड ओळखण्याची सोय नसते. माझ्या वहीत त्या रानातले सगळ्यांत जड झाड तेच आहे.